जबड्यातली गाठ, गळ्यातलं कारण

हिरडी फुगली, दात हलू लागले की माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो. गळ्याचा विचार कोण करतो? एक्स-रेत जबड्याच्या हाडात पोकळी दिसते, दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघ पुसट झालेली असते. तुकडा तपासला तर अनेक केंद्रकं असलेल्या मोठाल्या पेशी आणि जुन्या रक्तस्रावातल्या लोहाचा तपकिरी रंग. म्हणून हा ‘ब्राऊन ट्यूमर’. ट्यूमर नावापुरताच, कर्करोग नव्हे. गळ्यातली परावटू ग्रंथी जादा संप्रेरक सोडते, हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढलं जातं आणि पोखरलेल्या जागी ही गाठ धरते.

ही ग्रंथी रिचर्ड ओवेन यांना दिसली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एकशिंगी गेंड्यात. गेंडा आपल्या भारतातला! माणसातल्या ग्रंथीचं वर्णन १८८० साली उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉमने छापलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८९१ साली फॉन रेकलिंगहाउझेन यांनी पोखरलेल्या हाडांचा आजार मांडला, पण गळ्याकडे त्यांचंही लक्ष गेलं नाही.

खरा घोळ व्हिएन्नात झाला. अशा रुग्णांची परावटू ग्रंथी सुजलेली असते हे याकोब एर्डहाइम यांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं, हाडं आजारी म्हणून ग्रंथी मदतीला वाढली. म्हणजे चोरालाच राखणदार मानलं. गळ्यातल्या चार परावटू ग्रंथींपैकी एकच वाढली असेल तर दोष तिचाच, ती काढा, असं श्लागेनहाउफर यांनी १९१५ साली सुचवलं. तरी दहा वर्षांनी फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरला आधी ग्रंथीचा अर्क दिला, मग दुसऱ्याची ग्रंथीही बसवली. गुण येईना, तेव्हा गळा उघडून गाठ काढली आणि रुग्णाच्या वेदना ओसरल्या. रोग काही वर्षांनी परतला, पण कारण कुठे आहे हे कळलं होतं.

जबड्याचं कोडं मात्र उरलंच. १९५३ साली हेन्री जॅफी यांनी जबड्यातच उपजणारी तशाच पेशींची एक गाठ वेगळी काढली. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी जुळ्या. म्हणून असा रिपोर्ट आला की रक्तातलं कॅल्शियम आणि परावटूचं संप्रेरक तपासायचं. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांतही ग्रंथी चेकाळते, त्यामुळे जबड्यातली गाठ तिथेही आठवावी लागते.

या कुळात एक सावत्र भावंडही आहे. काही घराण्यांत परावटूचा विकार आणि जबड्यातली गाठ दोन्ही वारशाने येतात, पण त्या गाठीत मोठाल्या पेशी नसतात आणि ग्रंथी काढली तरी ती विरत नाही. तिच्यामागचं जनुक २००२ साली सापडलं.