डॉट दिल्यावर पुढे काय?

व्हेरिएबलचं नाव लिहायचं, डॉट द्यायचा, की खाली फंक्शन्सची यादी हजर! आपल्याला याची इतकी सवय झालीय, की यादी आली नाही तर हात लुळे पडल्यासारखं वाटतं. पण जावास्क्रिप्टसाठी ही यादी बनवणं म्हणजे खरंच डोकेदुखी होती.

जावामध्ये आपण आधीच सांगून ठेवतो, की हे स्ट्रिंग आहे. ब्रेंडन आइकनं मे १९९५ मध्ये जेमतेम दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला, त्यात अशी भानगडच नाही. एकाच व्हेरिएबलमध्ये आत्ता आकडा, पुढच्या ओळीत अ‍ॅरे. मग एडिटरनं दाखवायचं काय? बरेच जण फाइलमधले सगळे शब्द गोळा करून समोर टाकायचे.

२०१३ मध्ये मरैन हावरबेकेनं ‘टर्न’ आणलं. ब्राउझरमधला कोडमिरर एडिटर लिहिणारा तो हाच. टर्न कोड चालवत नाही, नुसता वाचतं. प्रत्येक व्हेरिएबलची एक पिशवी. एकाची किंमत दुसऱ्याला दिली, की त्या पिशवीतले टाइप या पिशवीत वाहत येतात. ही पद्धत मुळात फायरफॉक्सच्या जावास्क्रिप्ट इंजिनातली, तिथे ती वेगासाठी होती. तिथे अंदाज चुकला तर प्रोग्रॅमच चुकेल, म्हणून वर तपासण्या हव्यात. इथे चुकला तर यादीत एक फालतू नाव येईल, बस्स! त्यामुळे त्याला बिनधास्त अंदाज बांधता आले.

खरी गंमत वेगळीच आहे. मीही एका रविवारी असं काहीतरी लिहायला बसलो होतो. पार्सर झकास चालत होता, डॉट देईपर्यंत! डॉट दिला की कोड अर्धवट, आणि अर्धवट कोडवर पार्सर रुसून बसतो. म्हणजे मदत हवी नेमकी तेव्हाच कोड मोडलेला. हावरबेकेनं यासाठी आपल्या ‘एकॉर्न’ पार्सरचा एक सैल भाऊ लिहिला. कंस बंद नसेल तर तो ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा बघून ठरवतो, की ब्लॉक कुठे संपला असेल. आपण माणसंही तेच करतो की!

हे सगळं फुकट वाटायचं तर पोटाचं काय? त्यानं इंडिगोगोवर लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि टर्न ओपन सोर्स केलं.

पण मायक्रोसॉफ्टचं टाइपस्क्रिप्ट ऑक्टोबर २०१२ मध्येच आलं होतं. त्याचा सरळ हिशोब, अंदाज कशाला, टाइप लिहूनच घ्या. आज व्हीएस कोडमध्ये साध्या जावास्क्रिप्ट फाइलीतली यादीसुद्धा टाइपस्क्रिप्टचीच यंत्रणा पुरवते. टर्न मागे पडलं. एकॉर्न मात्र अजून वेबपॅकच्या पोटात बसून तुमचा-माझा कोड वाचतोय.