टांगाईलचा फोटो

आभाळभर छत्र्या उतरताहेत असा एक फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. खाली लिहिलेलं असतं, टांगाईल, 11 डिसेंबर 1971. माझ्याकडेही त्याची एक प्रत होती. गेल्या सुट्टीत ती घेऊन मी सातारकडच्या एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो. आबा त्या दिवशी 2 पॅराबरोबर उतरले होते. चष्मा पुसून त्यांनी एका छत्रीवर बोट ठेवलं.

"हा मी."

मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. कारण मला आग्र्याच्या पोस्टिंगपासून त्या फोटोबद्दल शंका होती.

टांगाईलची उडी दुपार कलल्यावर, साडेचारच्या सुमारास सुरू झाली. डिसेंबरात बंगालमध्ये पाचनंतर अंधारायला वेळ लागत नाही. एवढ्या स्वच्छ फोटोला तो उजेड पुरला कसा? आणि शत्रूच्या मुलखात पलटण उतरत असताना कॅमेरा घेऊन कोण उभं होतं?

उत्तर पुढे सापडलं. संरक्षण खात्याचे त्या वेळचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी नंतर स्वतःच सांगून टाकलं. उडीचा फोटो हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी पॅरा ब्रिगेडच्या आग्र्याच्या आदल्या सरावाचा फोटो पत्रकारांना दिला, सरावाचा आहे हे न सांगता. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो छापला. उतरले होते सातशेच्या आसपास, बातम्यांत झाले पाच हजार. ढाक्यात बसलेल्या नियाझींच्या मनावर त्या आकड्याचं दडपण आलं असं म्हणतात. लढाईत असं चालतं, माझी तक्रार नाही. पण पन्नास वर्षांनीही आपण खाली टांगाईलच लिहायचं, हे मला पटत नाही.

कारण खऱ्या टांगाईलला फोटोची उसनवारी लागत नाही. लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या पलटणीला लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा होता, म्हणजे मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट बंद. सामान इकडेतिकडे पडलं. ते गावकऱ्यांनी गोळा करून वाहून आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूरकडून 1 मराठा येऊन मिळाली. ही भेट मला फार आवडते, कारण 2 पॅरा म्हणजे मूळची मराठ्यांची तिसरी बटालियन, व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडगेंची. परक्या देशात, एका पुलापाशी, एकाच घरातल्या दोन पलटणी भेटल्या. त्याचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही.

शेवटी आबांना सांगितलंच. वाटलं, रागावतील.

"मग? आग्र्याच्या सरावात मी नव्हतो काय?" ते म्हणाले. "तिथं त्या दिवशी फोटो काढायला कोण होतं रे? माणसं होती, पण त्यांच्या डोक्यावर आमच्या दारूगोळ्याच्या पेट्या होत्या."

मी पेन काढून मागे लिहिलं: आग्रा, सराव, 1971 च्या युद्धाआधी.

"खाली माझं नाव लिही," आबा म्हणाले, आणि फोटो उलटा करून परत दाखवलं. या वेळी बोट दुसऱ्याच छत्रीवर होतं.