भोर-वेल्ह्याचे रात्रीचे आकाश : उपयोग, विलास आणि ऱ्हास

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि वास्तू यांची गणना नित्य केली जाते. या सर्वांच्या माथ्यावर पसरलेले रात्रीचे आकाश मात्र साधनांत क्वचितच धरले जाते. ही उपेक्षा योग्य नव्हे, हे पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांपुरता विचार केला तरी दिसून येते. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला.) रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानदखोरे ही जुनी नावे याच प्रदेशातली. येथे आकाश प्रथम कालगणनेचे उपकरण होते, पुढे ते सुशिक्षितांच्या आनंदाचा विषय झाले, आणि आज ते गमावता येईल अशी वस्तू झाले आहे. या तीन अवस्थांचा परस्परसंबंध पाहणे उद्बोधक आहे.

१. शेत आणि पहारा

भोर-वेल्ह्याचे अक्षांश सुमारे सव्वाअठरा अंश असल्यामुळे ध्रुवतारा येथे क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर दिसतो. उलटपक्षी दक्षिणेचे बरेच आकाश उघडे असते. युरोपच्या उत्तर भागात कधीच न उगवणारा अगस्त्य येथे हिवाळ्यात ठळक दिसतो. मे महिन्यात पहिल्या प्रहरी त्रिशंकूचे चार तारे दक्षिण क्षितिजाजवळ उभे राहतात. ते पाहण्यास क्षितिजालगतची धूसर हवा खाली राहील असे उंच स्थान लागते. सुमारे १,४०० मीटर उंचीचा तोरणा किंवा रायरेश्वराचे पठार अशी स्थाने होत. पावसाळ्याचे चार महिने मात्र हे सर्व ढगांआड जाते.

घड्याळ नसलेल्या समाजाला रात्रीची वेळ ताऱ्यांवरून कळे. मृगातील तीन तारे म्हणजे ग्रामीण बोलीतील तिकांडे, आणि सप्तर्षींच्या चौकोनाला म्हातारीची बाज मानून शेपटीच्या तीन ताऱ्यांना ती चोरू पाहणारे चोर समजणे, ही नावे पोथीतून आलेली नव्हेत. बाज व चोर यांची कथा गोंड समाजातही आढळते, असे मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. यावरून या लोकपरंपरेचा विस्तार लक्षात येतो. दळणाची वेळ सांगणारी शुक्राची चांदणी वर्षातील काही काळच पहाटे असते. तिकांड्यासारखे तारे मात्र रोज चार मिनिटे आधी, म्हणजे महिन्याला दोन तास आधी, उगवतात. हे गणित पाठ असलेल्या मनुष्यास ऋतू आणि प्रहर दोन्ही एकाच दृष्टीत कळत.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घेतला पाहिजे. शेतकरी ज्या मृग नक्षत्राच्या नावाने जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरणीचा हिशेब धरतो, ते नक्षत्र त्या दिवसांत दिसतच नाही. सूर्य त्या भागात आलेला असल्याने ते त्याच्या तेजात बुडालेले असते. ते रात्रभर दिसते मार्गशीर्ष-पौषात. म्हणजे पावसाची नक्षत्रे डोळ्यांनी पाहिलेली नसून, वर्षभर पाहिलेल्या आकाशावरून अनुमानिलेली आहेत. पंचांगाने हे अनुमान घरोघर पोहोचविले. त्याचा पाया मात्र उघड्या डोळ्यांनी केलेले निरीक्षण हाच होता.

२. कारीची शकावली

या निरीक्षणाचा इतिहासलेखनाशी संबंध किती निकट आहे, हे भोर तालुक्यातील कारी या गावाने दाखवून दिले आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नाने उजेडात आली. शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांची ही टिपणे होत. शिवाजी महाराजांचा जन्म बखरींच्या आधारे १६२७ साली मानला जात असे. जेधे शकावलीने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद पुढे ठेवली. परमानंदाच्या शिवभारतातील तिथीही हीच आहे.

ही नोंद गणिताने तपासता येते. फाल्गुनातील पौर्णिमेस चंद्र फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो. त्यानंतर तिसऱ्या तिथीस तो हस्तात येणे स्वाभाविक आहे. अर्थात तिथी व नक्षत्र यांचा असा मेळ बहुतेक वर्षी बसतो, म्हणून केवळ त्यावरून वर्ष ठरत नाही. वार मात्र दरवर्षी बदलतो, आणि १९ फेब्रुवारी १६३० (जुनी ज्युलियन गणना, आजच्या गणनेने १ मार्च) या दिवशी शुक्रवारच येतो. तिथी, नक्षत्र आणि वार ही तिन्ही अंगे अशी जुळतात, म्हणून या नोंदीस वजन प्राप्त होते. टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरविण्यासाठीच लिहिला होता. कारीच्या कागदाचे मोल त्यांना जाणवावे, यात नवल नाही.

३. दृक्प्रत्यय ते विलास

गणित आकाशाशी जुळले पाहिजे, या आग्रहास ज्योतिषात दृक्प्रत्यय म्हणतात. कोकणातील नांदगावच्या केशव व गणेश दैवज्ञ या पितापुत्रांनी तो धरला. गणेशाचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा. कृष्ण दैवज्ञाचा ‘करणकौस्तुभ’ याच मार्गातील आहे. त्याचा आरंभशक १५७५, म्हणजे इ. स. १६५३ असून तो शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचला गेल्याचे मानले जाते. पुढे रायगडास राजधानी हलण्यापूर्वी महाराजांच्या कारभाराचे केंद्र वेल्ह्यातील राजगड हे होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. स्वराज्याच्या आरंभकाळी पंचांगशुद्धीचीही गरज भासली होती.

एकोणिसाव्या शतकात या वृत्तीला नवे वळण मिळाले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तेथील वीस इंची दूरदर्शक त्या काळी भारतात सर्वांत मोठा होता. १९१२ साली वेधशाळा बंद होऊन उपकरणे कोडाईकनालला गेली. याच काळात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणाऱ्या विद्वानाने आकाशास मौजेचा विषय म्हणावे, हे संक्रमणाचे चिन्ह होय. वेळ सांगण्याचे काम घड्याळाकडे गेल्यावर आकाश केवळ पाहण्यासाठी मोकळे झाले. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हे त्याच आवडीचे संघटित रूप होय.

४. ऱ्हास

दीक्षितांच्या वाचकास ही मौज घराच्या अंगणात मिळत असे. आजच्या पुणेकरास तीच मौज मिळविण्यासाठी अमावस्येच्या सुमारास भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे जावे लागते. शहराच्या दिव्यांचा उजेड हवेत विखुरतो आणि आकाशाचीच पार्श्वभूमी उजळते. डोंगररांग प्रत्यक्ष दिवे लपविते, वर चढलेली प्रभा लपवीत नाही. अंतर दुप्पट झाले की ही प्रभा सामान्यतः साडेपाच पटींहून अधिक घटते. म्हणून चाळीस-पन्नास किलोमीटरवरील खोरी अद्याप तुलनेने काळोखी राहिली आहेत. परंतु शहर स्वतःच खोऱ्यांच्या दिशेने सरकू लागले, तर हे संरक्षण टिकत नाही. जगातील एकतृतीयांशाहून अधिक लोकांस आकाशगंगा दिसत नाही, असे २०१६ च्या जागतिक नकाशावरून निष्पन्न झाले; आणि २०११ ते २०२२ या काळातील नागरिकांच्या निरीक्षणांवरून आकाशाची उजळणी वर्षाला सरासरी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढल्याचे २०२३ साली दाखविण्यात आले. या गतीने आठ वर्षांच्या आत ती दुप्पट होते.

२०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यातील बारा किल्ल्यांत राजगड आहे. तट, बुरूज आणि माच्या यांना त्यामुळे संरक्षणाची चौकट लाभली. तटावरचा पहारेकरी ज्या आकाशाकडे पाहून प्रहर मोजत असे, ते आकाश मात्र कोणत्याही यादीत नाही. हे अशक्य आहे असेही नव्हे. महाराष्ट्रातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लागणारे उपाय साधे आहेत : दिव्यांना वरून झाकणे, उजेड जमिनीकडे वळविणे, पिवळसर दिवे वापरणे आणि गरज नसता ते मालविणे. उद्ध्वस्त तट पुन्हा बांधला तरी तो मूळचा राहत नाही. आकाश मात्र दिवा झाकताच पूर्वीचेच परत मिळते. वारशाच्या रक्षणात इतकी सोपी भरपाई दुसऱ्या कशाची नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रश्नात विशेष स्वारस्य असले पाहिजे. मराठ्यांच्या शकावल्या, करीने आणि बखरी तिथी-नक्षत्रांच्या भाषेत लिहिलेल्या आहेत. ती भाषा कोष्टकांवरून उलगडता येते हे खरे. पण फाल्गुन वद्य तृतीयेच्या रात्री हस्ताच्या पाच ताऱ्यांजवळ चढणारा चंद्र ज्याने पाहिला आहे, त्याला कारीच्या नोंदीतील एकेका शब्दाचा अर्थ निराळ्या रीतीने कळतो. ज्या खोऱ्यात ती नोंद जपली गेली, तेथे ते तारे अद्याप दिसतात.