क्वीन्सब्रिजची कॅसेट

कॅसेटच्या एका बाजूला छापलं होतं ‘फोर्टिएथ साइड नॉर्थ’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फॉर्टी-फर्स्ट साइड साउथ’. मी पेशाने ड्राफ्ट्समन, त्यामुळे गाणी ऐकण्याआधी डोळा तिथेच अडकला. जिथे लोक ए आणि बी लिहितात, तिथे या गाणाऱ्या मुलाने दिशा का लिहिल्या?

ही १९९७ सालची गोष्ट. लाँग आयलंड सिटीतल्या एका छोट्या ऑफिसात मी जुन्या विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढत असे. साइटवरचा एक गवंडी जवळच्याच क्वीन्सब्रिज हाउसेसमध्ये वाढलेला. ‘हे ऐक, आमच्याकडचं इंग्रजी शिकशील,’ म्हणत त्याने कॅसेट माझ्या हातात ठेवली. रॅपर नासची ‘इलमॅटिक’. पहिले दोन आठवडे मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

मग मी त्यालाच धरलं. दुपारच्या सुट्टीत सिमेंटच्या गोणीवर बसून तो एकेक शब्द उलगडायचा, आणि दर तिसऱ्या शब्दाला हात कुठेतरी वळायचा: तो कोपरा, ते बाकडं, ती इमारत. घरी मराठी पुस्तकं होती, त्यात नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रहही होता. १९७२च्या त्यांच्या त्या पहिल्या संग्रहाला प्रस्तावना लिहायची तर विजय तेंडुलकरांनाही कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांकडून समजून घ्यावे लागले होते. त्यामुळे मला फार लाज वाटली नाही.

क्वीन्सबरो पुलाच्या कडेला, ईस्ट नदीपासून हाकेच्या अंतरावर १९३९-४० साली उभी राहिलेली क्वीन्सब्रिज ही सरकारी वस्ती. तीन हजारांवर घरं. अमेरिकेत अशी एवढी मोठी दुसरी वस्ती नाही. सहामजली इमारती, आराखडा इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणजे प्रत्येक घराला उजेड आणि वारा मिळावा. हेतू उत्तम. पण पैसे वाचवायला लिफ्ट फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर थांबेल अशी केलेली. चौथ्यावर राहणाऱ्याने एक जिना चढायचा किंवा उतरायचा. हे कळलं तेव्हा मी नकाशे काढणाऱ्या माणसासारखा हसलो आणि चाळीत वाढलेल्या माणसासारखा गप्प झालो. मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, आणि कुणीही भेटला की पहिला प्रश्न, ‘कितवी चाळ?’ नाव त्यानंतर.

क्वीन्सब्रिजमध्येही तसंच. उत्तरेकडची घरं चाळीसाव्या अव्हेन्यूवर, दक्षिणेकडची एक्केचाळिसाव्या. कॅसेटवर गायकाने आपली वस्तीच दोन भागांत छापली होती.

रॅप त्या वस्तीला नवं नव्हतं. मार्ली मार्ल हा निर्माता तिथलाच. रोक्सॅन शांटेही तिथलीच; १९८४ साली, चौदा वर्षांची असताना, तिने एका गाण्याला उलट उत्तर देऊन शहर हलवलं होतं. (‘इलमॅटिक’मध्ये अशा एकाही मुलीचा आवाज नाही, ही त्यातली उणीव मला आजही खटकते.) मग ब्राँक्सच्या केआरएस-वन या रॅपरशी रॅपचा जन्म कुठे झाला यावरून भांडण पेटलं आणि १९८७ साली त्याने गाण्यातूनच क्वीन्सब्रिजचा निकाल लावून टाकला. लोक सांगत की त्यानंतर वस्तीची मान खाली गेली.

नास, म्हणजे नासिर जोन्स, तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. १९९१ साली ‘मेन सोर्स’ या गटाच्या गाण्यात त्याला एक कडवं मिळालं, तेवढ्यावर त्याचं नाव झालं. १९९२ साली वरच्या मजल्यावरचा जिवलग मित्र विल गोळी लागून मेला. त्याच रात्री नासचा भाऊही गोळीने जखमी झाला, पण वाचला. १९ एप्रिल १९९४ रोजी कोलंबिया कंपनीने अल्बम काढला तेव्हा नास वीस वर्षांचा होता.

नऊ गाणी आणि एक सुरुवातीचा तुकडा. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत. सुरुवात रेल्वेच्या धडधडाटाने. पाहुणा रॅपर एकच, एझेड. मात्र संगीत देणारे पाच: लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. एरवी एका गायकामागे एकच निर्माता किंवा त्याची टोळी असे. इथे शहरातले नावाजलेले कारागीर एका विशीतल्या मुलासाठी आले. जुन्या जॅझच्या तबकड्यांतून चार-दोन सेकंदांचे तुकडे कापून, फिरवून त्यांनी ठेका बांधला. ‘द वर्ल्ड इज युवर्स’मधला पियानो अहमद जमालचा. नव्या पोरांनी थोरल्यांच्या कपाटातून काढलेला माल. एका गाण्यात तर मध्यस्थच उरला नाही: शेवटी कॉर्नेट वाजतो तो ओलू डाराचा, नासच्या वडिलांचा, जे मिसिसिपीतून आलेले जॅझवादक. मुखपृष्ठावरचा सातेक वर्षांच्या नासचा फोटोही त्यांनीच काढलेला. त्या चेहऱ्यामागे वस्तीचा रस्ता दिसतो.

‘वन लव्ह’ हे गाणं म्हणजे तुरुंगातल्या दोस्तांना लिहिलेली पत्रं. कोण कुठे आहे, कुणाचं पोर कसं दिसतं, कोण फितला, सगळी खबरबात. मला ते ऐकताना चाळीतून गावी जाणारी पत्रं आठवली. फरक एवढाच की आमची गावी जायची आणि ही गजांआड.

बाजारात खप धिमा. बाहेर येण्याआधीच चोरीच्या प्रती रस्त्यावर विकल्या जात होत्या. ‘द सोर्स’ मासिकाने पाचापैकी पाच माइक दिले, तरी पाच लाखांचा आकडा गाठायला १९९६ उजाडलं आणि दहा लाखांना २००१. त्याच्या दुसऱ्या अल्बमने, ‘इट वॉज रिटन’ने, पहिल्याच आठवड्यात खपाच्या यादीचं टोक गाठलं. पण तिथे सूटबूट, माफिया, पैसा. नकाशाचं प्रमाण बिघडलं, असं माझं मत. ‘इलमॅटिक’ हा वस्तीच्या मापात काढलेला नकाशा आहे म्हणून टिकला. कोपरा कोपऱ्याएवढाच, जिना जिन्याएवढाच. पुढे हार्वर्डने नासच्या नावाने फेलोशिप काढली, २०१४ साली त्याने केनेडी सेंटरमध्ये राष्ट्रीय वाद्यवृंदाबरोबर हीच गाणी म्हटली. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला असता, ‘ते ठीक, पण बाकडं तेच का?’

२०१९ साली ‘गली बॉय’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नासचं नाव वाचलं आणि मुंबईचे रॅपर डिव्हाइन, नेझी यांच्याबरोबरचं त्याचं ‘एनवाय से मुंबई’ ऐकलं. नेझी कुर्ल्याचा, डिव्हाइन अंधेरीचा. त्यांच्या गाण्यातही पिनकोड असतात.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. अक्षरं पुसट झालीत. पुतण्याने एकदा विचारलं, कुठल्या बाजूने सुरू करायचं? मी म्हणालो, दुसऱ्या. ट्रेनने येणारा माणूस क्वीन्सब्रिज स्टेशनवर एकविसाव्या रस्त्याच्या आणि एक्केचाळिसाव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उतरतो. त्याला आधी दक्षिण लागते. आणि त्या बाजूचं पहिलं गाणं ‘मेमरी लेन’ आहे.