बारा ते साडेतीन

जून १९९२. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस गावात साहसी खेळांचे एक केंद्र चालते. तिथले दोन प्रशिक्षक नोकरी सोडतात आणि केंद्र चालवणाऱ्या कंपनीला पत्र लिहितात. सुरक्षेची साधने आणि पद्धत यांत काय काय उणे आहे, ते पत्रात मांडलेले आहे. कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी घरी का परतणार नाही, हे आज ना उद्या तुम्हाला सांगावे लागेल, असा त्याचा आशय आहे. पत्र पोहोचते. केंद्र चालू राहते.

२२ मार्च १९९३, सोमवार, सकाळी १० च्या सुमारास. लाइम रीजिसहून ११ जण कयाक घेऊन पाण्यात उतरतात. त्यांत प्लिमथच्या एका शाळेचे ८ विद्यार्थी, त्यांचे १ शिक्षक आणि केंद्राचे २ प्रशिक्षक आहेत. विद्यार्थी नवखे आहेत. जायचे आहे पूर्वेला चारमथपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे ३ किलोमीटर. दुपारी १२ पर्यंत पोहोचायचे आणि मग जेवायचे, असा बेत आहे.

सोबत संकटाचा इशारा देणारे फ्लेअर नाहीत. रेडिओही नाही. दोन्ही प्रशिक्षकांची पात्रता प्राथमिक पातळीची आहे. नवख्यांना खुल्या समुद्रात नेण्याइतकी ती नाही. एवढा गट एवढ्या वाजता निघतो आहे, हे कोस्टगार्डला कोणी कळवलेले नाही.

वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे, आपल्याकडच्या मतलईसारखा. अशा वाऱ्यात किनाऱ्यावरून पाणी निवांत दिसते, कारण जमिनीच्या आडोशाला लाट उठायला जागाच नसते. लाट वाढते ती पुढे गेल्यावर, वाऱ्याला मोकळे पाणी मिळाले की. किनाऱ्यावर उभे राहून समुद्र पाहणाऱ्याला त्या दिवसाचा खरा समुद्र दिसत नाही.

निघाल्यानंतर काही मिनिटांत. शिक्षकांची कयाक उलटते. एक प्रशिक्षक त्यांना पुन्हा आत बसवू लागतो. कयाक परत उलटते, मग आणखी एकदा. किनारा अजून जवळ आहे. सगळ्यांनी मागे फिरायचे ठरवले, तर सहल इथेच संपेल आणि दिवस वाया जाण्यापलीकडे काही होणार नाही.

तसे ठरत नाही. दुसरी प्रशिक्षिका आठही विद्यार्थ्यांना जवळ घेते. कयाक एकमेकींना लावून, शेजारच्याची कयाक हाताने धरून ते तराफा करतात. ही रीत कयाकिंगमध्ये रोज वापरली जाते आणि तराफा सहसा उलटत नाही. पण ज्यांनी शेजारची कयाक धरली आहे, त्यांना वल्हे मारता येत नाही. तराफा स्थिर असतो, तरी वारा नेईल तिकडे जातो.

सकाळी १०.३० नंतर. एका बाजूला दोघे, दुसऱ्या बाजूला नऊ जण. दोन्ही गट वाऱ्यावर आहेत आणि त्यांच्यातले अंतर वाढत जाते. थोड्याच वेळात ते एकमेकांना दिसेनासे होतात. बरोबरच्याला हाक मारता येईल आणि ती त्याला ऐकू जाईल इतक्या अंतरात राहायचे, हा समुद्रात कयाक चालवणाऱ्यांचा पहिला नियम आहे. तो आता मोडला आहे. दोन प्रशिक्षक असूनही प्रत्येक गटाला आता एकच उरला आहे, आणि कोणाकडेच मदत बोलावण्याचे साधन नाही.

सकाळी ११ ते १२. तराफा आडोशाबाहेर गेला आहे. लाटा वाढल्या आहेत आणि पाणी कयाकच्या बैठकीत येऊ लागते. वल्हेकऱ्याच्या कमरेभोवती बसणारा स्प्रे डेक हे पाणी अडवतो. तो नसला की प्रत्येक लाट थोडे पाणी आत टाकून जाते. भरलेली कयाक जड होते, डगमगते, आणि उलटते. एकाची उलटली की शेजाऱ्याचा आधार जातो. भरलेली कयाक दुसऱ्या कयाकवर आडवी ओढून रिकामी करण्याची आणि माणसाला परत आत घेण्याची पद्धत आहे. सराव असलेले दोन वल्हेकरी ते काही मिनिटांत करतात. इथे आठ नवख्यांमागे एक माणूस आहे.

दुपारी १२. चारमथला गट पोहोचायची ही वेळ. किनाऱ्यावर कोणी येत नाही.

उशीर झाला तर किती वाजता कोणी फोन करायचा, हे आधी लिहून ठेवलेले असते तर तो फोन आता झाला असता. केंद्राचे लोक किनाऱ्यावर शोधायला निघतात. गट कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल, असा त्यांचा अंदाज आहे. वारा समुद्राकडे आहे.

दुपारी १ ते २. एकेक करून विद्यार्थी पाण्यात पडतात. मार्चमध्ये या भागातले पाणी साधारण ८ ते ९ अंश सेल्सियस असते. थंड पाण्यावर संशोधन करणारे कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी एक सोपा हिशेब सांगितला आहे: पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे, आणि गारठ्याने शुद्ध जाण्याआधी सुमारे १ तास. आकडे कमीजास्त होतात. पाणी थोडे कमी थंड असेल, अंगात वेटसूट असेल, तर वेळ वाढतो. क्रम मात्र तोच राहतो. आधी बोटे जातात. मग कयाकची कड धरता येत नाही. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, त्याची ऊब टिकवत नाही.

दुपारी २ नंतर. एका मासेमारी बोटीला समुद्रात एक रिकामी कयाक सापडते. नुसती एक कयाक किनाऱ्यावरून सुटून वाहत आलेलीही असू शकते. सकाळी १० वाजता ११ जण निघाल्याची नोंद कोस्टगार्डकडे असती, तर त्या एका कयाकवरून सगळ्या अकरा जणांचा शोध लगेच घेता आला असता.

दुपारी ३.३० च्या सुमारास. केंद्राकडून कोस्टगार्डला खबर जाते. ठरलेल्या वेळेला साडेतीन तास उलटून गेले आहेत. ताशी केवळ २ किलोमीटर वेगाने वाहणारी वस्तू एवढ्या वेळात ७ किलोमीटर पुढे जाते.

दुपारी ३.३० ते ५.३०. जीवरक्षक बोट आणि हेलिकॉप्टर निघतात. समुद्रात माणसाचे डोके लाटांमध्ये दिसणे अवघड असते, आणि गट शेवटचा कुठे होता हे नक्की सांगणारा कोणी नाही. आधीचा शोध किनाऱ्यालगतच्या पाण्यात जातो. कोस्टगार्डने शोधाला चुकीची दिशा दिली, असा दावा कंपनीने पुढे न्यायालयात केला. १९९७ मध्ये तो फेटाळला गेला.

संध्याकाळी ५.३० नंतर. शिक्षक आणि त्यांच्यासोबतचा प्रशिक्षक सापडतात. मग विद्यार्थी सापडू लागतात, किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रात आणि एकमेकांपासून पांगलेले. हेलिकॉप्टर त्यांना पाण्यातून उचलते. काहींनी कित्येक तास पाण्यात काढले आहेत. त्या दिवशी तिथे सूर्य साडेसहाच्या थोडा आधी मावळतो. शेवटच्या माणसाला उचलले जाते तेव्हा उजेड सरत आलेला असतो.

रात्री. ११ पैकी ७ जण वाचतात. चार विद्यार्थी जातात, दोन मुली आणि दोन मुलगे. त्यांची वये १६ आणि १७.

८ डिसेंबर १९९४. विंचेस्टरच्या न्यायालयात ज्यूरी कंपनीला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवते. ब्रिटनमध्ये एखाद्या कंपनीवर असा गुन्हा सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ होती. कंपनीला ६० हजार पौंड दंड झाला. व्यवस्थापकीय संचालकाला ३ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती २ वर्षांवर आली. खटल्यात त्या जून महिन्यातल्या पत्राचे वजन मोठे होते. धोका माहीत नव्हता, असे म्हणायला त्या पत्राने जागाच ठेवली नव्हती. १९८७ च्या झीब्रुगे फेरीबोट अपघातानंतरचा असाच खटला कोसळला होता, कारण मोठ्या कंपनीत जबाबदारी कोणा एका वरिष्ठावर ठेवता आली नाही. ही कंपनी लहान होती. निर्णय कोणाचे, हे शोधावे लागले नाही.

१९९५. प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी मांडलेले विधेयक संसद मंजूर करते. पुढच्या वर्षापासून ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन समुद्रावर, डोंगरात किंवा गुहांत नेणाऱ्या केंद्रांना तपासणी आणि परवाना बंधनकारक होतो.

त्या सोमवारी वादळ नव्हते. सहल रद्द करता आली असती. शिक्षकांची कयाक पहिल्यांदा उलटली तेव्हा परतता आले असते. बारा वाजून पाच मिनिटांनी फोन करता आला असता. यांतल्या कोणत्याही एका निर्णयाने चौघे वाचण्याची शक्यता खूप वाढली असती, आणि यांतल्या एकालाही असामान्य कौशल्य लागत नव्हते.

पाळोळे असो, तारकर्ली असो, हिवाळ्यातल्या सकाळी आपल्याकडेही वारा जमिनीकडून सुटतो आणि पाणी निवांत दिसते. कयाक घेऊन निघणार असाल तर कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगा, आणि ती वेळ टळली की त्याने शोधत न बसता आधी फोन करायचा हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. रेडिओ किंवा फोन जलरोधक पिशवीत घालून अंगावर ठेवा. कयाकमध्ये ठेवला तर तो कयाकबरोबर जातो. गटात सगळ्यात कच्चा कोण, ते निघण्याआधी ठरवा आणि त्याला झेपेल तेवढेच जा. त्याची कयाक उलटली, तर सगळ्यांनी परत फिरा.