दुबईतली कागदावरची घरं

२००२ साली दुबईनं परदेशी माणसाला ठरावीक भागांत मालकी हक्कानं घर घ्यायची मुभा दिली. त्या हक्काला पक्का कायदा मिळाला २००६ मध्ये. ग्राहकाचे हप्ते त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती आली २००७ मध्ये. तोवर सगळं भरवशावर! आपल्या कोकणातली कितीतरी माणसं आखातात राबतात, म्हणून हा इतिहास मला परका वाटत नाही.

फिकहमध्ये 'इस्तिस्ना', म्हणजे वस्तू बनवून देण्याचा करार, जायज आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या धंद्याला आहे. ताब्यात न आलेलं धान्य विकू नये, असं हदीस सांगते. इथं पाया खोदण्याआधीच घरं पुन्हा विकली जात होती.

२००८ च्या मंदीत पुढचं गिऱ्हाईक मिळेना. कित्येक प्रकल्प थांबले, काही रद्द झाले. हप्ता थांबवावा तर भरलेली रक्कम बुडण्याची भीती, भरत राहावा तर इमारत वर येत नव्हती.