परंड्याच्या वाटेवरचा कहवा

कॉफी येमेनहून सूफी संत बाबा बुदन यांनी सात बिया लपवून आणली, ती सतराव्या शतकात, असे चिकमगळूरकडे सांगतात. झाडापुरते ते मानू. पेय मात्र आधीच आले होते. 1616 ते 1619 या काळात इंग्रज वकील टॉमस रोच्या वकिलातीबरोबर मुघल मुलखात राहिलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहून ठेवतो, की धर्माचे कडक लोक दारूऐवजी काळे दाणे पाण्यात उकळून पितात. चवीला बेताचे, पण तब्येतीला चांगले. मग दख्खन कोरडी कशी राहील? याच दख्खनमधल्या, मराठवाड्यातल्या वाशीहून भूम ओलांडले की परंडा. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर इथूनच निजामशाही पुन्हा उभी करणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, येमेनच्या मोखा बंदरात विकला गेला आणि मग इकडे आला. कॉफीही याच वाटेने निघाली होती.

कोणी म्हणेल, वाट एक म्हणून सामान एक होत नाही. कबूल, अंबरच्या हाती पेला देण्याची मलाही घाई नाही. पण चौल-दाभोळची गलबते तांबड्या समुद्रात ये-जा करत असताना, घोडे आले, हबशी आले, हाजी परतले आणि दाणे तेवढे मागे राहिले, हे मानायला जास्त धाडस लागते. वाशीच्या टपरीवर आज उकळतो तो चहा मात्र घरोघर पोचला विसाव्या शतकात.